ठाण्यातल्या एका कॉन्व्हेंट शाळेचे शाळा सुटल्यानंतरचे क्लब: वर्षभराचा आढावा

ठाणे पश्चिमेतल्या या शाळेचा माध्यमिक विभाग सकाळी भरतो आणि १२.४० ला सुटतो. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी १.१० ते २.३० क्लब चालतात. गायनवृंद, चित्रकला, रोबोटिक्स, बास्केटबॉल, निसर्ग मंडळ, सेवा गट आणि अभ्यासिका असे सात. पाचवी ते नववीच्या मुलांना प्रवेश आहे, दहावीला नाही. एका मुलाला दोनच क्लब घेता येतात. फी वर्षाला ३,६०० रुपये, रोबोटिक्सची ६,०००. सेवा गट आणि अभ्यासिका मोफत.

आमचं मत आधीच सांगतो. गायनवृंद, चित्रकला आणि अभ्यासिका डोळे झाकून घ्यावेत असे आहेत. बास्केटबॉल चांगलं आहे. रोबोटिक्सची फी आणि मुलाच्या पदरात पडणारं काम यांचा मेळ अजून बसलेला नाही. आणि या सगळ्यांपेक्षा मोठा प्रश्न आहे तो अडीच वाजता मूल घरी कसं जातं हा.

फीचा हिशेब आधी करून घ्यावा. जुलै ते फेब्रुवारी म्हणजे कागदावर ३४ आठवडे. त्यातून गणपती, प्रथम सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी, नाताळ, क्रीडा महोत्सव, स्नेहसंमेलन आणि पावसाने शाळा सोडून द्यावी लागते असे एक-दोन दिवस काढले की आठवड्यातून एकदा भरणाऱ्या क्लबच्या २२ च्या आसपास बैठका होतात. ३,६०० भागिले २२, म्हणजे एका बैठकीचे साधारण १६४ रुपये. ठाण्यात खासगी क्लासची महिन्याची फी किती असते ते पालकांना माहीत आहे, त्या मानाने हे रास्त आहे. पण २२ बैठकांत मूल गिटार वाजवायला लागेल किंवा जिल्हा संघात जाईल अशी अपेक्षा धरू नये. २२ बैठकांत एक गोष्ट होते: मुलाला आपल्या वर्गाबाहेरची पंधरा मुलं आणि एक मोठं माणूस नीट ओळखू लागतं. सातवीतल्या मुलाला नववीतला दादा नावाने हाक मारतो, पाचवीतल्या मुलीला ताई आपल्या शेजारी बसवून घेते. गुणांच्या स्पर्धेतून सुटलेली ही सव्वा तासाची जागा शाळेत दुसरीकडे कुठेच नाही, आणि क्लबचा खरा फायदा आम्हाला तोच वाटतो.

गायनवृंद हा या शाळेचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात पक्का क्लब. तो आठवड्यातून दोनदा भरतो, चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात. ही जागा महत्त्वाची आहे. वर्गात डोक्यावर चार पंखे गरगरत असतात, त्यांच्या आवाजात मुलं नकळत ओरडून गातात आणि वीस मिनिटांत घसा बसतो. चॅपलमध्ये उंच छत असल्याने हळू गायलेला स्वरही भरून येतो, त्यामुळे मूल आपोआप आवाज सोडून द्यायला शिकतं. पहिली दहा मिनिटं गाणं नाहीच. खांदे सैल, पोटातून श्वास, मग दातांतून ‘स्स्स्’ करत तो सोळा आकड्यांपर्यंत पुरवायचा. पाचवीची मुलं सुरुवातीला आठलाच रिकामी होतात. गणपतीपर्यंत बहुतेकजण सोळा गाठतात. मग ओठ मिटून गुणगुण, मग ‘मा-मे-मी-मो-मू’ एकेक अर्धस्वर वर चढवत. हे सगळं ‘टाइमपास’ आहे असं समजून काही पालक मुलाला उशिरा पाठवतात. कृपा करून तसं करू नका. तयारी न करता वरच्या पट्टीत गेलेलं मूल डिसेंबरमध्ये घोगरं होऊन बसतं.

सातवी-आठवीतल्या मुलग्यांचा आवाज फुटतो तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्यांना ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगतात. ते चूक आहे, मूल त्या दिवसापासून गाणं सोडतं. इथल्या मिस अशा मुलांना वेगळ्या ओळीत उभं करतात आणि खालच्या पट्टीतले पाच-सहा स्वरच लागतील असा भाग लिहून देतात. स्वर फाटला तर थांबायचं, खाकरायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा. वर्ष-दीड वर्षात आवाज खाली स्थिरावतो आणि तीच मुलं वृंदाचा पाया होतात. नववीतली मागची रांग ऐकली की हे काम किती धीराने केलंय ते कळतं.

निवडही चांगली आहे. इंग्रजी कॅरोल आहेतच, पण त्याबरोबर मराठी ख्रिस्ती भजनं, एखादं कोकणी गाणं आणि दोन देशभक्तिपर समूहगीतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग-ओवीच्या वळणावर आणली. टाळ-तबल्यावर ती भजनं गाताना वृंदातल्या हिंदू, जैन, मुसलमान मुलांनाही चाल परकी वाटत नाही. ज्यांना पुढे परीक्षा द्यायच्या आहेत त्यांना ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी परीक्षांची माहिती मिस देतात, मात्र तयारी बाहेरच करावी लागते. वृंदात एकत्र गाणं शिकवतात, एकट्याचं नाही.

आता चित्रकला. हा क्लब आठवी-नववीच्या पालकांनी विशेष पाहावा, कारण इथे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षांची सोय होते. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३. त्यामुळे सप्टेंबरपासून क्लबमध्ये गर्दी वाढते, आणि तिथेच गडबड होते. जुलैपासून येणाऱ्या मुलाचा हात तयार झालेला असतो; सप्टेंबरमध्ये आलेल्या मुलाला सर फक्त नमुने गिरवायला देऊ शकतात. सातवीतच प्रवेश घेतला तर सगळं सोपं जातं.

सर जे बारकावे दाखवतात ते क्लासमध्येही क्वचितच दाखवले जातात. पोस्टर कलर ताकापेक्षा दाट आणि दह्यापेक्षा पातळ हवा. पाणी जास्त झालं तर डाग पडतात, रंग घट्ट राहिला तर वाळल्यावर भेगा जातात. एका भागाला लागणारा रंग एकदम कालवून ठेवायचा, कारण दुसऱ्यांदा तीच छटा जुळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतकी ओल असते की कागद फुगून लाटा येतात, म्हणून चारही कडा कागदी टेपने बोर्डाला चिकटवून घ्यायच्या आणि टेप काम पूर्ण वाळल्यावरच काढायची. भूमितीत वर्तुळ जुळत नसेल तर कंपासचा स्क्रू सैल असतो, मुलाची चूक नसते. पेन्सिल टूएच आणि टोकदार हवी. स्मरणचित्रात, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रात, मुलं माणसं काढायला घाबरतात आणि झाडं-घरं भरून टाकतात. त्यासाठी सर दर बैठकीला पाच मिनिटं मधल्या सुट्टीतल्या मावशींना किंवा गेटवरच्या वॉचमन काकांना उभं राहायला सांगतात आणि मुलांकडून नुसत्या रेषांतल्या आकृत्या काढून घेतात. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणतात, “लवकर काढा रे बाळांनो, अजून चार वर्ग झाडायचेत.” आणि त्याच घाईने मुलांचा हात सुटतो.

साहित्य घरून आणायचं असतं. बारा रंगांचा संच, दोन, सहा आणि दहा नंबरचे ब्रश, रंग कालवायची थाळी आणि जुन्या सुती कपड्याचा तुकडा एवढं पुरेसं आहे. महागडा संच घेऊ नका, पांढरा आणि काळा रंग मात्र मोठ्या बाटलीत घ्या, तेच आधी संपतात.

रोबोटिक्सबद्दल लिहिताना वाईट वाटतं, कारण मुलांचा उत्साह इथेच सर्वांत जास्त आहे. गोची अशी की एका संचावर सहा मुलं बसतात. त्यातली दोन वायरी जोडतात, एक लॅपटॉप धरतो आणि तिघं बघत राहतात. दोघांत किंवा फार तर तिघांत एक संच असेल तरच हे शिकणं हाताला लागतं. दुसरं म्हणजे बाहेरच्या कंपनीचे प्रशिक्षक येतात आणि वर्षात दोनदा-तीनदा बदलतात. नवा आला की पुन्हा एलईडी लुकलुकण्यापासून सुरुवात. आठवीतल्या मुलाने तिसऱ्यांदा तेच केलं तर तो पुढच्या वर्षी येणार कशाला?

मुलांच्या रोबोट गाड्या का चालत नाहीत याची कारणंही ठरलेली आहेत आणि ती पहिल्याच महिन्यात सांगता येतात. ॲर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड. त्याच्या पाच व्होल्टच्या पिनवरून सर्वो मोटर (ठरवलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) चालवली की मोटर हलताना विजेचा दाब खाली येतो आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मुलांना वाटतं प्रोग्रॅम चुकला. मोटरला वेगळा पुरवठा द्यायचा आणि दोन्हींची ग्राउंड वायर एकत्र जोडायची, एवढंच. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी मोटरसाठी आणू नये. ती इतका प्रवाह देऊ शकत नाही आणि गाडी दोन फूट जाऊन बसते. एल-२९८-एन हा मोटरला वीज पुरवणारा सर्किटचा भाग (मोटर ड्रायव्हर) सुमारे दोन व्होल्ट स्वतःच खातो, म्हणून चार पेन्सिल सेलच्या सहा व्होल्टांतले चारच मोटरला पोचतात. रेषेवरून धावणारी गाडी सकाळी लॅबमध्ये नीट धावते आणि प्रदर्शनात खिडकीजवळ भरकटते, कारण उन्हातला अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश सेन्सरला फसवतो. सेन्सरवरचा छोटा निळा स्क्रू जागेवर गेल्यावर पुन्हा फिरवून घ्यावा लागतो. शाळेने संच दुप्पट केले आणि शाळेतल्याच विज्ञान शिक्षकाला प्रशिक्षकाबरोबर बसवलं तर आमचं मत बदलेल. तोवर सहावी आणि नववीच्या मुलांना आम्ही होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेच्या तयारीत वेळ घालायला सांगू. त्यात लेखी परीक्षेपुढे प्रात्यक्षिक आणि कृती प्रकल्प असे टप्पे आहेत आणि ते हाताने करावं लागतं.

बास्केटबॉलबद्दल थोडक्यात. हा खेळच मुळी अशा ख्रिस्ती संस्थेत जन्मला. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, थंडीत मुलांना आत काय खेळवायचं या अडचणीतून जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या टांगून तो सुरू केला. ठाण्यात अडचण थंडीची नाही, पावसाची. मैदानात जूनपासून सप्टेंबरपर्यंत चिखल असतो, पण बास्केटबॉलचं कोर्ट सिमेंटचं असल्याने पाऊस थांबला की तासाभरात खेळता येतं. सिमेंटवर शेवाळ धरतं, ते दर आठवड्याला घासलं जातं का हे विचारून घ्या. जुलैत मनगटं तिथेच मोडतात. प्रशिक्षक चांगले आहेत, मात्र पाचवीच्या मुलांनाही सात नंबरचा चेंडू आणि दहा फुटांची रिंग देतात. त्या वयाला पाच नंबरचा चेंडू आणि साडेआठ फुटांची रिंग हवी, नाहीतर मूल खांद्यावरून चेंडू फेकायची वाईट सवय लावून घेतं. मुलींची स्वतंत्र वेळ आहे आणि ती भरलेली असते, हे पाहून खूप बरं वाटलं.

अभ्यासिकेची जाहिरात होत नाही, आणि तिचीच सर्वांत जास्त गरज आहे. शाळेतल्या कितीतरी मुलांचे आईवडील दोघंही लोकलने मुंबईला जातात आणि संध्याकाळी सात-साडेसातला घरी येतात. वागळे इस्टेट, कळवा, लोकमान्यनगरच्या काही घरांत इंग्रजीतला गृहपाठ समजावून सांगणारं कुणी नसतं. लायब्ररीत लांब टेबलांवर पंचवीस-तीस मुलं बसतात. पहिली पंचेचाळीस मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने आपला गृहपाठ करायचा. मग पस्तीस मिनिटं जोडी-जोडीने: नववीचा एक आणि पाचवी-सहावीचा एक. सिस्टर टेबलांमधून फिरत असतात आणि उत्तर सांगत नाहीत, “धड्यातली ती ओळ मला वाचून दाखव बरं” एवढंच म्हणतात. ही पद्धत मिशनरी शाळांत मुरलेली आहे. १८४१ मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात डॉन बॉस्को यांनी कामावर राबणाऱ्या पोरांना सुट्टीच्या दिवशी गोळा केलं ते खेळ, गाणी आणि धर्मशिक्षणासाठी, आणि पुढे त्याला लिहायला-वाचायला शिकवणारे वर्ग जोडले गेले. मोठ्याने लहानाला सोबत घेऊन बसायचं आणि शिक्षकाने मुलांमध्येच वावरायचं हा तिथला रिवाज इथेही दिसतो. ज्या मुलाला गणितात मागे पडल्याची लाज वाटते तो वर्गात प्रश्न विचारत नाही, पण दादाला विचारतो. मराठी विषयासाठीही हे उपयोगी आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना निबंध आणि व्याकरणात अडतं आणि मराठीच्या टीचर शुक्रवारी इथेच बसतात.

सेवा गट वृद्धाश्रमाला वर्षातून तीन भेटी देतो आणि तिन्ही वेळा त्याच ठिकाणी जातो. हे आम्हाला फार आवडलं. दर वेळी नवी संस्था पाहिली की मुलं पाहुणी राहतात. त्याच आजीकडे तिसऱ्यांदा गेलं की ती नावाने विचारते. फोटो काढायला बंदी आहे, ती तशीच राहू द्यावी.

इथे एक प्रश्न बिगरख्रिस्ती पालक दबक्या आवाजात विचारतात: क्लबमध्ये धर्म शिकवतात का? नाही. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग वेगळा असतो आणि त्या वेळी इतर मुलं मूल्यशिक्षणाला बसतात. क्लब छोट्या प्रार्थनेने सुरू होतो, मुलाने हात जोडावे किंवा शांत उभं राहावं, दोन्ही चालतं. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. गायनवृंदाला नाताळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गायचं असतं, तिथे शाळा लेखी संमती घेते. संमती दिली नाही म्हणून कुणाला वृंदातून काढलेलं नाही.

निसर्ग मंडळाच्या चारच सहली होतात: येऊर, ओवळेकर वाडीतली फुलपाखरं, ऐरोलीचं खाडीकिनारी केंद्र आणि शाळेच्याच आवारातली झाडं. रोहितांसाठी (फ्लेमिंगो) ऐरोलीची सहल थंडीत ठेवावी. यंदा ती सप्टेंबरमध्ये ठेवली होती आणि पक्षी आलेलेच नव्हते.

आता दुखरी बाजू. व्हॅनवाले काका १२.५० ला निघतात. अडीचला शाळेच्या गाडीची दुसरी फेरी आहे, पण दोनच मार्गांवर: नौपाडा-चरई-स्टेशन आणि वर्तकनगर-लोकमान्यनगर. घोडबंदर रोडच्या मुलांसाठी काहीच नाही. मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवलीची मुलं जुलैत उत्साहाने येतात आणि ऑगस्टअखेर गळतात, कारण मेट्रोच्या कामात आणि कापूरबावडीच्या कोंडीत रोज कुणीतरी घ्यायला येणं शक्य नसतं. त्या बाजूच्या चार-पाच पालकांनी मिळून एक व्हॅन ठरवली तर खर्च विभागतो. मात्र परवाना शालेय वाहतुकीचाच हवा आणि गाडीत महिला मदतनीस हवी, रिक्षात सहा मुलं कोंबून नव्हे.

डब्याकडेही लक्ष द्या. १२.४० ते १.१० या वेळात दुसरा डबा खायचा असतो. सकाळी सहाला भरलेली भाजी तोवर उकाड्यात आंबते. थालीपीठ, धपाटे, दशमी, गूळ-पोळी, केळं, शेंगदाण्याची चिक्की टिकते. वृंदाच्या मुलांनी त्या आधी तेलकट खाऊ नये, कॅन्टीनचा समोसा गाण्याच्या दिवशी टाळलेला बरा. दोन बाटल्या पाणी द्या.

सुरक्षेची व्यवस्था आम्ही बारकाईने पाहिली. प्रत्येक क्लबवर दोन मोठी माणसं असतात, दारं उघडी असतात, स्वच्छतागृहाच्या वाटेवर मावशी बसतात, कॅमेरे चालू आहेत, तक्रारपेटी आहे आणि मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीची नावं फलकावर आहेत. घरी जाताना रजिस्टरमध्ये कोण घेऊन गेलं त्याची सही होते. एक फट राहते: ठरलेल्या माणसाऐवजी दुसरं कुणी आलं तर फोनवरच्या तोंडी निरोपावर मुलाला सोडतात. फॉर्मवर तीन अधिकृत नावं आणि फोटो असावेत आणि चौथ्या माणसाच्या ताब्यात मूल देऊच नये, हे आम्ही मुख्याध्यापिकांना लेखी कळवलं आहे.

आणि डिसेंबर. नाताळच्या कार्यक्रमाच्या तालमी सुरू झाल्या की रोबोटिक्स, चित्रकला, अभ्यासिका सगळे हॉलकडे ओढले जातात आणि तीन आठवडे क्लब नावापुरते उरतात. निदान अभ्यासिकेला हात लावू नये.

नोंदणी शाळा उघडल्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होते. गायनवृंद आणि मुलींचं बास्केटबॉल दोन दिवसांत भरतं. पहिले तीन आठवडे क्लब बदलता येतो, त्यानंतर नाही आणि फीही परत मिळत नाही. फॉर्मबरोबर दोन फोटो, रक्तगटाची नोंद आणि ॲलर्जी असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी लागते. दमा असलेल्या मुलाचा इनहेलर नावाची पट्टी लावून ऑफिसात एक आणि दप्तरात एक असा ठेवावा.